आडवे ते एकसर, उभे ते समांतर: एका परिपथाचे दोन हिशेब

पदविका अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाची विद्युत प्रात्यक्षिके मी अनेक वर्षे घेते आहे. रोधकांची एकसर आणि समांतर अशी मिश्र जोडणी सोडवणे हे त्यांतले सुरुवातीचे एक प्रात्यक्षिक असते आणि ते बहुधा विनातक्रार पार पडते. विद्यार्थी आधी वहीत परिणामी रोध काढतात, मग ब्रेडबोर्डवर, म्हणजे रोधकांची टोके नुसती खोचून परिपथ जोडता येतो अशा भोकांच्या पाटीवर, परिपथ जोडतात, मल्टिमीटरने विद्युतधारा मोजतात आणि वहीतला व मीटरवरचा आकडा जवळपास आला की जर्नलवर सही घ्यायला येतात. ज्या प्रकरणाविषयी मी इथे लिहिते आहे, त्यात हे दोन्ही आकडे अगदी जवळपास आले होते आणि तरीही त्यांतला एकही आकडा मी दिलेल्या परिपथाचा नव्हता. शिवाय ज्या विद्यार्थिनीने परिपथ बरोबर सोडवला होता, तिने मीटर पाहून स्वतःचे बरोबर उत्तर खोडले होते. हे असे का घडले याचा पूर्ण माग काढण्यासारखा आहे, कारण ही चूक आकडेमोडीची नव्हती, सूत्राची नव्हती आणि उपकरणाचीही नव्हती.

दिलेला परिपथ

फळ्यावर काढलेली आकृती अशी होती. डावीकडे १२ व्होल्टचा डीसी पुरवठा. त्याच्या धन टोकापासून, म्हणजे अ या बिंदूपासून, वरच्या आडव्या रेषेवर १.८ किलोओहमचा र१ हा रोधक निघतो आणि ब या बिंदूपाशी संपतो. ब पासून ३ किलोओहमचा र२ उभा खाली उतरतो आणि खालच्या रेषेला, म्हणजे पुरवठ्याच्या ऋण टोकाला, मिळतो. या खालच्या रेषेला ड म्हणू. ब पासूनच वरची आडवी रेषा पुढेही जाते, तिच्यावर ६८० ओहमचा र३ आहे आणि तो क या बिंदूपाशी संपतो. क पासून दोन रोधक शेजारी शेजारी उभे खाली उतरून ड ला मिळतात: ३.३ किलोओहमचा र४ आणि २.२ किलोओहमचा र५. पुरवठ्यातून निघणारी विद्युतधारा आणि प्रत्येक रोधकाच्या टोकांमधील विभवांतर काढून ते मोजून दाखवा, असा प्रश्न होता.

अ, ब, क, ड ही नावे मी आता समजावण्यासाठी देते आहे. त्या दिवशी फळ्यावर ती दिलेली नव्हती. हे आवर्जून नोंदवते, कारण पुढच्या घोळात या न दिलेल्या नावांचा वाटा मोठा आहे.

टेबलाटेबलांमध्ये नक्कल होऊ नये म्हणून प्रत्येक टेबलाला रोधकांच्या किमती वेगळ्या दिल्या होत्या. त्यामुळे शेजारच्या टेबलाशी उत्तर ताडून पाहण्याची सोय कोणालाच नव्हती.

दोन वह्या

या टेबलावर एक विद्यार्थिनी आणि तिचा जोडीदार असे दोघे होते. दोघांनी परिपथ आपापल्या वहीत स्वतंत्रपणे सोडवला, ही चांगली गोष्ट झाली. नाहीतर या प्रकरणाचा मागमूसही राहिला नसता.

तिने पुरवठ्यापासून सर्वांत लांबच्या टोकाकडून सुरुवात केली. र४ आणि र५ यांची दोन्ही टोके एकाच दोन बिंदूंना जोडलेली आहेत, म्हणजे ते समांतर आहेत:

३.३ × २.२ ÷ (३.३ + २.२) = ७.२६ ÷ ५.५ = १.३२ किलोओहम

हा १.३२ किलोओहम र३ शी एकसर आहे: १.३२ + ०.६८ = २.०० किलोओहम. ही सगळी शाखा र२ शी समांतर आहे: ३ × २ ÷ (३ + २) = १.२ किलोओहम. शेवटी र१ एकसर: १.८ + १.२ = ३.० किलोओहम. व्होल्टला किलोओहमने भागले की उत्तर थेट मिलिअँपिअरमध्ये येते, म्हणून १२ ÷ ३ = ४.०० मिलिअँपिअर.

त्याच्या वहीत पहिलीच ओळ अशी होती: १.८ + ०.६८ = २.४८ किलोओहम, म्हणजे र१ आणि र३ एकसर. त्याखाली र२, र४ आणि र५ हे तिघे समांतर धरले होते: १/३ + १/३.३ + १/२.२ = ०.३३३ + ०.३०३ + ०.४५५ = १.०९१, म्हणून परिणामी रोध ०.९१७ किलोओहम. एकूण ३.३९७ किलोओहम आणि विद्युतधारा ३.५३ मिलिअँपिअर. या हिशेबात आकडेमोडीची एकही चूक नाही. तीन रोधकांच्या समांतर जोडणीचे व्यस्तांकांचे गणित पहिल्या वर्षाचे पुष्कळ विद्यार्थी चुकवतात. त्याने ते नीटनेटके केले होते.

ब्रेडबोर्डवर जोडणी त्याने केली. अँमीटर पुरवठा आणि र१ यांच्या मधे एकसर लावला, पुरवठा सुरू केला आणि मीटरने ३.५४ दाखवले. तिने आपल्या वहीतल्या ४.०० वर तिरकी रेघ मारली आणि खाली त्याचे उत्तर उतरवून घेतले.

सहीसाठी जर्नल माझ्यापुढे आले तेव्हा माझ्याकडच्या बरोबर उत्तरांच्या यादीत या टेबलासमोर ४.०० हा आकडा होता. खोडलेल्या उत्तराकडे बोट दाखवून मी विचारले, हे का खोडलेस? आधी तोच बोलला. “मॅडम, मीटरपण तेच दाखवतोय. हिचं चुकलं होतं.” ती म्हणाली, “मला माझं बरोबर वाटत होतं. पण मीटर कसं चुकेल?”

तिचा हा प्रश्न अगदी रास्त होता. प्रत्यक्ष मोजलेल्या आकड्यापुढे आपला हिशेब मागे घेणे ही प्रयोगशाळेत शिकवली जाणारीच सवय आहे. मीटर खरोखरच चुकला नव्हता. प्रश्न एवढाच होता की मीटर कोणत्या परिपथाबद्दल बोलत होता.

संशय कुठून कुठे गेला

उत्तर न सांगता मी दोघांना एवढेच सांगितले की यादीत ४.०० आहे आणि ३.५४ व ४.०० यांच्यातली तफावत कुठून आली ते तुम्हीच शोधा. मदतीला आणखी एक मल्टिमीटर दिला.

पहिला संशय, अपेक्षेप्रमाणे, रोधकांच्या टॉलरन्सवर गेला. सगळ्या रोधकांवर सोनेरी पट्टा होता, म्हणजे छापील किमतीपेक्षा ५ टक्के कमी किंवा जास्त. “थोडं इकडेतिकडे होणारच” हे वाक्य प्रयोगशाळेत फार सहज बोलले जाते. मी विचारले, थोडे म्हणजे किती? पाचही रोधक एकाच वेळी ५ टक्क्यांनी जास्त निघाले, तर परिणामी रोधही बरोबर ५ टक्क्यांनी वाढेल, म्हणजे ३.० चा ३.१५ किलोओहम होईल आणि विद्युतधारा १२ ÷ ३.१५ = ३.८१ मिलिअँपिअर येईल. टॉलरन्सचे सगळे माप पदरात टाकले तरी आकडा ३.८१ च्या खाली जात नाही. आपल्यासमोर ३.५४ होता, म्हणजे साडेअकरा टक्क्यांची तूट. तो संशय तिथेच संपला. तरीही तिने पाचही रोधक बोर्डावरून काढून एकेक मोजले: १.७९, २.९८, ०.६७६, ३.२७ आणि २.१८ किलोओहम. सगळे छापील किमतीपेक्षा किंचित कमीच होते. म्हणजे खरी विद्युतधारा ४.०० पेक्षा थोडी जास्तच यायला हवी होती आणि तफावतीचे कोडे उलट वाढले.

दुसरा संशय अँमीटरवर गेला. अँमीटर परिपथात एकसर लागतो, त्यामुळे त्याचा स्वतःचा रोध हिशेबात मिळतो, हे दोघांनाही ठाऊक होते. आमच्या मीटरची २० मिलिअँपिअरची श्रेणी पूर्ण धारेला सुमारे २०० मिलिव्होल्ट घेते, म्हणजे तिचा रोध सुमारे १० ओहम. ३००० ओहमच्या परिपथात १० ओहमची भर म्हणजे सुमारे ०.३३ टक्के. हा परिणाम खरा आहे, मोजता येतो, पण साडेअकरा टक्क्यांच्या प्रश्नाला तो पुरा पडत नाही. पुरवठा तपासला, तो परिपथ जोडलेला असतानाही १२.०० व्होल्टच होता.

इथवर दोघांनी जे केले ते मला महत्त्वाचे वाटते. टॉलरन्स, मीटरचा रोध, पुरवठा ही तिन्ही कारणे खरी असतात, पण प्रत्येकाला आपापली मर्यादा असते आणि ती मर्यादा आकड्यात काढता येते. आकडा न काढता नुसते कारणाचे नाव घेतले की तपास थांबतो.

हरवलेले २.४ व्होल्ट

रोधक पुन्हा होते तिथेच लावले गेले, अँमीटर काढला आणि दोघे विभवांतरे मोजू लागले. र१ वर ६.३६ व्होल्ट. र२ वर ३.२३ व्होल्ट. ती वहीकडे बघत थांबली. तिच्या हिशेबाप्रमाणे र१ वर ४ × १.८ = ७.२ व्होल्ट आणि र२ वर उरलेले ४.८ व्होल्ट यायला हवे होते. आकडे वेगळे होते हे तर झालेच, पण तिला त्याहून मोठी गोष्ट दिसली. दिलेल्या आकृतीत धन टोकापासून निघून र१ मधून ब पर्यंत आणि ब पासून र२ मधून थेट ऋण टोकापर्यंत जाता येते. वाटेत तिसरे काही नाही. म्हणजे या दोघांवरच्या विभवांतरांची बेरीज १२ व्होल्ट झालीच पाहिजे, रोधकांच्या किमती काहीही असोत. प्रत्यक्षात ती ६.३६ + ३.२३ = ९.५९ होत होती.

बंद वाटेवरच्या विभवांतरांचा हा नियम गुस्ताव किरखॉफ यांनी १८४५ मध्ये मांडला, तेव्हा ते कोनिग्सबर्गच्या विद्यापीठात शिकत होते. ओहमचा नियम १८२७ चा आहे. ओहमच्या नियमाला रोधाची किंमत लागते. किरखॉफच्या या नियमाला लागत नाही, त्याला फक्त कोण कोणाला जोडले आहे एवढेच लागते. म्हणून जोडणीची चूक पकडायला तो इतका उपयोगी पडतो. किमतींबद्दलची सगळी अनिश्चितता, टॉलरन्ससकट, बाजूला राहते.

१२.०० वजा ९.५९ म्हणजे २.४१ व्होल्ट कुठेतरी हरवले होते. तिने र३ वर प्रोब टेकवले. मीटरने २.४० दाखवले. ०.०१ चा फरक शेवटच्या अंकाचा. जे विभवांतर र१ आणि र२ यांच्या वाटेत असायलाच नको, ते र३ चे विभवांतर त्या वाटेत येऊन बसले होते. याचा अर्थ या बोर्डावर र२ हा र३ च्या आधी नव्हे, र३ च्या नंतर जोडलेला होता.

मग आम्ही तिघांनी बोर्ड जवळून पाहिला. ब्रेडबोर्डवर मधल्या खाचेच्या एका बाजूची, एका ओळीतली पाच भोके आतून एकमेकांना जोडलेली असतात. र१ दहाव्या ओळीतून पंधराव्या ओळीत येत होता. र३ पंधराव्या ओळीतून विसाव्या ओळीत जात होता. विसाव्या ओळीत पाचपैकी चार भोके भरलेली होती: र३ चे एक टोक आणि त्याला लागून र२, र४, र५ या तिघांची वरची टोके, ओळीने एकाखाली एक उभी. पंधराव्या ओळीत फक्त दोन तारा होत्या. आकृतीतल्या ब बिंदूपाशी तीन टोके एकत्र येतात आणि क पाशीही तीनच. बोर्डावर मात्र दोन आणि चार अशी विभागणी झाली होती.

जोडणी अतिशय सुबक होती. तारा ताणलेल्या नव्हत्या, टोके नीट बसलेली होती, पट्ट्यांचे रंग एका दिशेने वाचता येतील असे रोधक लावले होते. त्याने बोर्डावर जे जोडले ते त्याच्या वहीतल्या हिशेबाशी तंतोतंत जुळणारे होते. म्हणूनच तर ३.५३ आणि ३.५४ इतके जवळ आले.

चुकीचे मूळ

मी त्याला विचारले, र१ आणि र३ एकसर आहेत हे तू कशावरून ठरवलेस? त्याने आकृतीवर बोट फिरवले आणि म्हणाला, “आडवे ते एकसर, उभे ते समांतर.” हा नियम त्याला कोणी सांगितला होता की सरावातून त्यानेच बनवला होता, हे त्यालाही सांगता येईना. मला वाटते बनवलाच असावा, कारण शालेय पुस्तकांतल्या आणि मार्गदर्शकांतल्या सोप्या आकृत्यांना तो बहुतेक वेळा लागू पडतो. एकसर जोडणीची आकृती एका आडव्या रेषेवर काढलेली असते, समांतर जोडणीची शिडीसारखी. शेकडा नव्वद गणिते ज्या नियमाने सुटतात, त्या नियमावर शंका यायला कारणच घडत नाही.

पण रोधक आडवा काढला की उभा, याचा विद्युतधारेशी काडीचाही संबंध नाही. दोन रोधक एकसर आहेत म्हणजे एकातून जाणारी सगळीच्या सगळी विद्युतधारा दुसऱ्यातून जाते. त्यासाठी त्यांच्या सामाईक बिंदूपाशी तिसरे कोणतेही टोक असता कामा नये. र१ आणि र३ एका रेषेत दिसतात, परंतु त्यांच्या मधल्या ब बिंदूपाशी र२ चे टोक येते. र१ मधली ४ मिलिअँपिअर धारा तिथे दुभंगते: १.६ मिलिअँपिअर र२ मध्ये उतरते आणि २.४ मिलिअँपिअर र३ मध्ये जाते. तसेच समांतर म्हणजे शेजारी शेजारी उभे असणे नव्हे. दोन्ही रोधकांची टोके नेमक्या त्याच दोन बिंदूंना असणे. र२ चे वरचे टोक ब ला आहे आणि र४ चे क ला. ब आणि क यांच्यामध्ये र३ असल्याने ते एकच बिंदू नाहीत.

या प्रकरणाचा गाभा माझ्या मते इथे आहे. आकृतीचे वाचन एकदाच झाले आणि ते चुकले. त्या एका वाचनातून हिशेब निघाला आणि त्याच वाचनातून जोडणीही निघाली. मग हिशेबाचा ताळा जोडणीने केला, तेव्हा तो जुळणारच होता. एकाच माणसाची एकच समजूत कागदावर एकदा आणि बोर्डावर एकदा मांडली, तर त्या दोन मांडण्या एकमेकींच्या साक्षीदार होऊ शकत नाहीत. या टेबलावर खरा स्वतंत्र साक्षीदार तिची वही होती आणि नेमकी तीच खोडली गेली.

नेहमीचे इतर ताळेही इथे उपयोगी पडले नसते. शक्तीचा ताळा आम्ही शिकवतो: पुरवठ्याने दिलेली शक्ती ही सगळ्या रोधकांत खर्च होणाऱ्या शक्तीइतकी असली पाहिजे. तिच्या हिशेबात २८.८ + ७.६८ + ३.९२ + ३.०४ + ४.५६ = ४८.० मिलिवॅट, आणि १२ × ४ = ४८. बरोबर जुळते. त्याच्या हिशेबातही १२ × ३.५३३ = ४२.४ मिलिवॅट इतकेच पाच रोधकांचे मिळून येतात. तोही ताळा जुळतो! कारण त्याने सोडवलेला परिपथ हाही एक खराखुरा परिपथ आहे, फक्त तो दिलेला नाही. शक्तीचा ताळा आकडेमोड तपासतो. आकृती बरोबर वाचली की नाही हे तो सांगू शकत नाही.

आणखी एक गोष्ट मला हिशेब पुन्हा करताना आढळली आणि तिने मी सावध झाले. र४ आणि र५ यांच्यावरचे विभवांतर दिलेल्या परिपथात २.४ × १.३२ = ३.१७ व्होल्ट येते. चुकीच्या परिपथात ते ३.२४ येते. फरक केवळ सव्वादोन टक्क्यांचा, म्हणजे सोनेरी पट्ट्याच्या मर्यादेत सहज लपणारा. अनेक ठिकाणी वेळ वाचवण्यासाठी फक्त शेवटच्या रोधकावरचे विभवांतर तपासून सही दिली जाते. या टेबलावर तसे केले असते, तर चुकीची जोडणी माझ्या नजरेखालूनही बिनबोभाट निघून गेली असती. एकूण विद्युतधारा साडेअकरा टक्क्यांनी ढळलेली, र३ वरचे विभवांतर १.६३ चे २.४० झालेले आणि शेवटचा आकडा मात्र जागच्या जागी. रोधकांच्या किमती निवडताना माझ्याकडून हे अजाणता झाले. आता प्रात्यक्षिकाच्या किमती ठरवताना मी नेहमीची चुकीची वाचनेही सोडवून पाहते आणि बरोबर व चुकीचे उत्तर कुठेही पाच टक्क्यांच्या आत येत नाही ना, हे तपासते.

जोडणी सुधारल्यावर

दुरुस्ती एका तारेची होती. र२ चे वरचे टोक विसाव्या ओळीतून काढून पंधराव्या ओळीत लावले. आता दोन्ही ओळींत तीन तीन तारा. अँमीटर परत लावला तेव्हा ४.०१ मिलिअँपिअर आले. मोजलेल्या रोधांवरून आणि मीटरचे १० ओहम धरून येणारे उत्तरही ४.०१ आहे. अँमीटर काढून मोजलेली विभवांतरे: र१ वर ७.२०, र२ वर ४.७९, र३ वर १.६३, र४ व र५ वर ३.१६ व्होल्ट. ७.२० + ४.७९ = ११.९९, आणि १.६३ + ३.१६ = ४.७९. ज्या बेरजेत आधी २.४१ व्होल्ट हरवत होते, तिथे आता मीटरच्या शेवटच्या अंकाखेरीज काही उरले नाही.

व्होल्टमीटरचा स्वतःचा रोध इथे आड आला नाही, कारण १० मेगाओहमच्या डिजिटल मीटरपुढे हे रोधक फार लहान आहेत. हे सगळेच रोधक शंभरपट मोठे असते, म्हणजे र२ ३०० किलोओहमचा वगैरे, आणि हाती २० किलोओहम प्रति व्होल्टचा जुना काट्याचा मीटर १० व्होल्टच्या श्रेणीवर असता, तर त्याचा २०० किलोओहमचा रोध र२ शी समांतर लागून ४.८० च्या जागी ३.५३ व्होल्ट दिसले असते. तेव्हा मीटरलाच सहावा रोधक मानून परिपथ सोडवावा लागतो.

बिंदूंचा तक्ता

पुढच्या आठवड्यापासून मी पद्धत बदलली. सूत्राला हात लावण्याआधी प्रत्येकाने बिंदूंना नावे द्यायची. तारेने थेट जोडलेला सगळा भाग म्हणजे एकच बिंदू, मग ती तार आकृतीत कितीही लांब किंवा वाकडी असो. त्यानंतर प्रत्येक रोधक कोणत्या दोन बिंदूंमध्ये आहे ते लिहायचे. आपल्या परिपथासाठी तो तक्ता असा:

र१: अ–ब
र२: ब–ड
र३: ब–क
र४: क–ड
र५: क–ड

इथून पुढे आकृतीकडे पाहण्याची गरजच राहत नाही. ज्या दोन ओळींत अक्षरांची जोडी तीच, ते समांतर: फक्त र४ आणि र५. पुरवठ्याची टोके अ आणि ड सोडून जे अक्षर तक्त्यात बरोबर दोनदाच येते, तिथले दोघे एकसर. ब तीनदा येतो, क तीनदा येतो, म्हणजे सुरुवातीला एकसर कोणीच नाही. र१ आणि र३ यांची बेरीज इथेच बाद होते, डोळ्याला ते कितीही एका रेषेत दिसोत. र४ व र५ एकत्र करून एक ओळ केली की क दोनदाच उरतो आणि र३ त्याच्याशी एकसर होतो. ती नवी ओळ ब–ड होते, म्हणून र२ शी समांतर. ती जोडी एकत्र केली की ब दोनदाच उरतो आणि शेवटी र१ एकसर. तिने वहीत जे चार टप्पे केले होते, तेच चार टप्पे त्याच क्रमाने तक्त्यातून आपोआप निघतात.

ब्रेडबोर्डसाठीही हाच तक्ता चालतो, कारण ब्रेडबोर्डची प्रत्येक ओळ म्हणजे एक बिंदूच आहे. जोडणी झाल्यावर पुरवठा सुरू करण्याआधी प्रत्येक ओळीतल्या तारा मोजायच्या आणि तक्त्यातल्या अक्षरांच्या संख्येशी ताडून पाहायच्या. या कामाला अर्धा मिनिटही लागत नाही. आणि जोडणी तपासणारा जोडीदार तो, ज्याने ती जोडणी केलेली नाही, असा नियम मी ठेवला आहे.

त्या मुलाने ही पद्धत इतक्या मनापासून घेतली की पुढच्याच तासाला त्याने एक प्रश्न आणला: आणखी एक १.८ किलोओहमचा रोधक अ आणि क यांच्यामध्ये लावला तर? त्याने तक्त्यात र६: अ–क अशी ओळ लिहिली होती, र४ व र५ एकत्र केले होते आणि तिथेच अडला होता. “मॅडम, आता कुठलीच जोडी सारखी नाही आणि कुठलंच अक्षर दोनदा नाही.” ब पाशी र१, र२, र३, क पाशी र३, र६ आणि र४ व र५ यांची जोडी. पद्धत अडली नव्हती, तिने खरे तेच सांगितले होते. हा परिपथ एकसर आणि समांतर यांच्यात विभागताच येत नाही. तो व्हीटस्टनचा सेतू आहे आणि र३ हा त्यातला मधला दुवा. सॅम्युएल हंटर क्रिस्टी यांनी १८३३ मध्ये मांडलेली आणि चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८४३ मध्ये प्रसिद्धीस आणलेली हीच रचना. र६ ७९२ ओहमचा असता, तर १.८ ÷ ३ आणि ०.७९२ ÷ १.३२ ही गुणोत्तरे सारखी होऊन र३ मधून धारा वाहिलीच नसती आणि तो काढून टाकून परिपथ सुटला असता. १.८ किलोओहमला तसे होत नाही.

मग दोघांनी मिळून ब आणि क या दोन बिंदूंसाठी, येणारी धारा बरोबर जाणारी धारा, अशी दोन समीकरणे मांडली. ब वर ६.४४ व्होल्ट, क वर ५.८० व्होल्ट, र३ मधून ब कडून क कडे ०.९४ मिलिअँपिअर आणि पुरवठ्यातून एकूण ६.५४ मिलिअँपिअर. या वेळी बोर्ड तिने जोडला आणि पुरवठ्याचे बटण दाबण्याआधी त्याने ओळींतल्या तारा मोजल्या: पंधराव्या ओळीत तीन, विसाव्या ओळीत चार.